वाट चुकलेला कंडक्टर

दिग्रसच्या शलोमीनं एका रविवारी जो पराक्रम केला, तसा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसन. नव्या चर्चचा पत्ता तिनंच छापला, आपल्या झेरॉक्सच्या दुकानात, सव्वादोनशे कागद. घरोघरी तिनंच वाटला. उपासनेत उभं राहून चार रविवार तिनंच वाचून दाखवला — बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम, पुसद रोड, सकाळी साडेनऊ. अन् पाचव्या रविवारी निळी साडी नेसून, बायबल काखेत मारून, ती सरळ जुन्या चर्चच्या फाटकासमोर जाऊन उभी राह्यली.

पायाइचं असंच असते. त्याइले वाचता येत नाही.

फाटकाले हे एवढं कुलूप पाह्यलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. जीभ चावली, मागं वळली… तं मागं एक पोट्टा उभा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसाले तेल, हातात मोबाईल अन् मोबाईलमध्ये नकाशा. कधी नकाशाकडे पाहे, कधी कुलपाकडे.

"चर्च इथंच आहे ना?" तो म्हणाला. "याच्यात तं इथंच दाखवून राह्यलं."

आता खरं सांगाचं, की मी बी चुकली, तं नाक कापलं जाते. शलोमीनं मान ताठ केली.

"होतं इथं. आता गोदामात गेलं. मले मंडळीनं मुद्दाम उभं केलं इथं, चुकलेल्याइले घेऊन जाले."

"असं का…" पोट्ट्यानं मोबाईल खिशात टाकला. "दर रविवारी उभ्या राह्यता?"

"दर रविवारी."

तोंडातून निघालं ते निघालं.

चर्च हललं काहून, ते ऐका. छताचं सागवान वाळवीनं खाल्लं होतं. वाळवी बी अशी की तीन पिढ्याइची भजनं ऐकून शहाणी झालेली. उपदेश लांबला की वरून भुसा सोडे, अन् पाळकसाहेब समजून जात की आता आवरतं घ्याचं आहे. एका नाताळात तं बसंतीबाईच्या केकवर एवढा भुसा पडला की तिनं पिठीसाखर समजून तसाच वाटला, अन् दोघाइनं पुन्हा मागून खाल्ला. शेवटी इंजिनिअर आला. वर पाह्यलं, अन् हळूच म्हणाला, आता इथं कोणी शिंकू नका. त्यानंतर जिनिंगवाल्याचं रिकामं गोदाम मिळालं, अन् मंडळीनं बिऱ्हाड उचललं.

तर त्या दिवशी दोघं जण निघाले. जुन्या फाटकापासून गोदाम वीस मिनिटाच्या वाटेवर. पोट्ट्याचं नाव अनुग्रह, गाव राळेगाव, नोकरी एसटीत. दिग्रस डेपोत नवाच आला होता, कंडक्टर म्हणून. शलोमी हे ऐकून मनातल्या मनात हसली, पण ओठ दाबून धरले.

जानेवारी सरत आलता. कापसाच्या गाड्या जिनिंगसमोर रांगेनं उभ्या, अन् हवेत रुई अशी तरंगत होती की जसा कोणी आभाळात बसून गादी पिंजून राह्यला. चालता चालता दोघाइच्या डोक्यावर पांढरं झालं. गोदामाशी पोचले तेव्हा पाळकसाहेबाइनं विचारलं की शलोमी, उशीर काहून झाला. तिनं अनुग्रहकडे बोट दाखवलं. "हे चुकले होते."

दुसऱ्या रविवारी शलोमी जाणारच नव्हती. पण खोटं बोललं तं निभवाले पाह्यजे ना… तो आला अन् फाटकाशी कोणीच नसलं, तं मंडळीची काय इज्जत राह्यन? मंडळीच्या इज्जतीसाठी म्हणून तिनं अर्धा तास आरशासमोर घालवला, अन् गेली. तं हा आधीच फाटकाले टेकून उभा.

"अहो, रस्ता माहीत झाला ना तुमाले?"

"झाला होता," तो गरीब तोंड करून म्हणाला. "पण काय आहे मॅडम, मी गाडीत मागं उभा राह्यतो. रस्ता ड्रायव्हरले माहीत असते."

"मंग मी ड्रायव्हर?"

"मी कुठं म्हटलं. पण घंटी मारली तं निघसान का?"

शलोमी पुढं निघाली, भराभर. हसू दिसू नये म्हणून. पण मागून चालणाऱ्याले बी कळते, पुढच्याचे खांदे हालते तेव्हा.

तिसऱ्या रविवारी फाटकाशी बसंतीबाई उभी. ती मात्र खरीच चुकली होती. तांड्यावरून यायची, तीस वर्षं त्याच फाटकातून आत गेलेली, पायाइनं तिले बी तिथंच आणून सोडलं. चौथ्या रविवारी आणखी चार म्हातारे. पाचव्याले सतरा लोक. अर्धे विसरून आले होते, अन् अर्धे हे पाहून आले की हे सतरा जण मिळून जाते कुठं. वाटेत शब्बीरभाईचं गॅरेज लागे. म्हाताऱ्या माणसाइनं असं पायी जावं हे त्याले बघवलं नाही. त्यानं बाकडं टाकलं, चहा ठेवला. बाकड्यावर बसून बसंतीबाई आपल्या गुडघ्याची कहाणी सांगे, कोणी लेकीच्या घरचं दुखणं सांगे, दोन वर्षं न बोललेल्या दोन जावा एका कपातला चहा वाटून घेत.

तिकडे गोदामात पाळकसाहेब घड्याळ पाहून राह्यले. एक दिवस रागारागानं शोधाले निघाले अन् शब्बीरभाईच्या बाकड्यावर सारी मंडळी सापडली. पाळकसाहेबाइचा राग चहात विरघळला. त्या दिवशी उपदेशात ते एवढंच म्हणाले, "आपण गोदामाले रंग कोणता द्याचा म्हणून महिनाभर भांडलो. चर्च तं रस्त्यानं चालत येऊन राह्यलं होतं." अन् सात मिनिटात खाली बसले. दिग्रसच्या इतिहासात एवढा लहान उपदेश झाला नव्हता, वाळवी असतानी बी नाही.

सारे आले. एक माणूस तेवढा आला नाही. शलोमीचा बाप, शिमोन मास्तर.

मास्तरनं जुन्या चर्चची घंटा सत्तावीस वर्षं वाजवली. गाणं तेच उचलत, सूर तेच देत. शलोमीची माय गेली तेव्हा तिची शवपेटी बी तिथंच, त्या वेदीपुढं ठेवली होती. कुलूप लागलं त्या दिवसापासून मास्तर रविवारी खाटेवर आडवे होत, तोंडासमोर पेपर धरत. कापूस भराच्या जागेत देव बसते का, एवढंच म्हणत. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. मास्तरनं त्याइले पाणी दिलं, अन् पेपर पुन्हा वर केला.

फेब्रुवारी निघता निघता एका रविवारी, म्हातारी मंडळी पुढं निघून गेली अन् ही दोघं मागं राह्यली. आपोआप राह्यली म्हणाचं, दुसरं काय.

"थांबा," अनुग्रह म्हणाला. "केसात रुई आहे."

"मंग काढा ना."

त्यानं दोन बोटाइनं काढली, तिकिटाचा कागद फाडते तशी जपून… अन् फेकली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली. शलोमीनं पाह्यलं. पाह्यलं नाही असं दाखवलं.

"मी घरी येऊ का?" तो म्हणाला. "मास्तरले विचाराले."

शलोमी थांबली. या प्रश्नाची ती तीन रविवारांपासून वाट पाहत होती, अन् आता आला तं तिले खाटेवरचा बाप आठवला. ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर नावं वाचतात, त्याले पुकार म्हणते. लहानपणापासून तिनं दुसऱ्याइच्या पुकारा ऐकल्या होत्या, बापाच्या बाजूले बसून.

"नका येऊ," ती म्हणाली. "माझं नाव मंडळीसमोर वाचलं जाईन, अन् माझा बाप घरी भिंतीकडे तोंड करून पडला राह्यन — हे मले नाही जमणार. बाबा मंडळीत आले तं या."

"अन् नाही आले तं?"

शलोमीनं पदर डोक्यावर घेतला अन् चालाले लागली. तो आठवडा अनुग्रहनं कसा काढला, ते पुसदच्या गाडीतल्या लोकाइले विचारा. एका म्हाताऱ्याले त्यानं दोनदा तिकीट दिलं, अन् एका बकरीले एकदा.

पण कंडक्टरची जात. जो माणूस फाट्यावर येऊ शकत नाही, त्याच्या गावात गाडी घालते.

त्यानं आधी बसंतीबाईले गाठलं, मंग शब्बीरभाईले. काय बोलला, ते दोघाइलेच ठाऊक. पुढच्या रविवारी फाटकाशी चाळीस जण जमले. निघाले. चौकात आले तं गोदामाकडे वळाच्या ऐवजी बसंतीबाई उजवीकडे वळली.

"काकू, तिकडे कुठं?" शलोमी म्हणाली.

"गुडघा दुखते वं माय. इकडून जवळ पडते."

इकडून काहीच जवळ पडत नव्हतं. इकडून फक्त शलोमीचं घर पडत होतं. तिनं अनुग्रहकडे पाह्यलं, तो आभाळाकडे पाहून राह्यला.

अंगणात कडुनिंबाखाली मास्तर बनियन-लुंगीवर, खाटेवर. चाळीस माणसं एकामागून एक अंगणाच्या फाटकातून आत आली अन् मास्तरनं पेपर आणखी उंच धरला. बसंतीबाई ओसरीवर टेकली, पाणी मागितलं. तिच्यामागं सारे टेकले. एवढ्यात शब्बीरभाईचा टेम्पो आला. त्यात पाळकसाहेब, गोदामात खोळंबलेली बाकीची मंडळी, अन् बाजाची पेटी. पाळकसाहेबाइनं मास्तरले नमस्कार केला, काही विचारलं नाही. एका सतरंजीवर बसले अन् म्हणाले, इथंच सुरू करू.

गाणं अनुग्रहनं उचललं. आता त्यानं मुद्दाम केलं की त्याचा गळाच तसा, हे अजून कोणाले कळलं नाही. पण सूर एवढा वर धरला की दुसऱ्या कडव्यात बायका गळून पडल्या, तिसऱ्यात माणसं, अन् चौथ्यात कडुनिंबावरचे कावळे उठून आर्णीकडे निघून गेले.

पेपर थरथरला. मंग खाली आला.

"थांबवा," मास्तर म्हणाले. "हे गाणं काळी एकच्या पट्टीत आहे. कोण गाऊन राह्यलं हे?"

बसंतीबाईनं बोट दाखवलं, "हा, डेपोतला नवा कंडक्टर." मास्तर उठले, घरात गेले. शलोमीले वाटलं, आता दार लागते. पण ते सदरा घालून बाहेर आले, केस विंचरून. पेटीवाल्याच्या बाजूले बसले, बोटानं पट्टी दाबली, सूर दिला. अन् सारी मंडळी गायली, अशी की शब्बीरभाईचा टेम्पो बंद असूनही जागच्या जागी हादरत होता.

मंग विनंत्या झाल्या. ज्याले जे मागाचं आहे त्यानं उभं राहून सांगाचं, मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. बसंतीबाईनं गुडघे मागितले, कोणी पोराचा दहावीचा पेपर. अन् अनुग्रह उभा राह्यला. ओठ हालले. आवाज काही निघाला नाही.

मास्तरनं कानाले हात लावला. "मोठ्यानं सांगा. मंडळीले ऐकूच नाही आलं तं मंडळी मागन काय?"

अनुग्रह पुन्हा काहीतरी पुटपुटला.

"कंडक्टर आहा ना तुम्ही?" मास्तर म्हणाले. "स्टँडवर पुसद पुसद ओरडता, तसं सांगा."

अनुग्रहनं डोळे मिटले अन् स्टँडवरचा आवाज काढला.

"मले शलोमीसंग लग्न कराचं आहे. ती म्हणते, बाबा मंडळीत आल्याबिगर पुकार होऊ देणार नाही. म्हणून माझी विनंती, मास्तर, तुम्ही या."

शेजारच्या दोन गल्ल्याइत ऐकू गेलं. शलोमीची मान खाली, कान लाल. मास्तरनं कानावरचा हात हळूच काढला.

"असं म्हणाली तू?"

"हो."

"काहून?"

तिनं मान वर केली. "माय गेली तेव्हा मले वेदी दिसत नव्हती बाबा, छत बी नाही. तुमचा हात होता माझ्या डोक्यावर, तेवढंच कळत होतं. तुम्ही नसले तं मले कुठंच चर्च वाटत नाही."

मास्तरनं चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, घातला, पुन्हा काढला. बसंतीबाईले राहवलं नाही. "मास्तर, आता हे एवढे लोक तुझ्या अंगणात बसले. याले काय म्हणशीन?"

मास्तरनं अंगणभर नजर फिरवली. सतरंजी कमी पडली म्हणून पेपर अंथरून बसलेले लोक, त्याइच्याच पेपरवर.

"याले चहा ठेवा म्हणन," ते म्हणाले. अन् घसा खाकरून पाळकसाहेबाइकडे वळले. "गोदामात उपासना साडेनवाले ना? मी सव्वानवाले येत जाईन. सूर लावाले वेळ लागते. तुमचं काही खरं नाही."

पाळकसाहेबाइनं हसू लपवत वही उघडली. "मंग पुढच्या रविवारी पहिली पुकार वाचू का?"

"मले काय विचारता? जिचं नाव वाचाचं, तिले विचारा."

साऱ्या माना शलोमीकडे फिरल्या. बसंतीबाईनं कोपरानं ढोसलं.

"वाचा…" शलोमी पदरात बोलली.

मास्तरनं कानाले हात लावला. "मोठ्यानं, बेटा. मंडळीले ऐकू आलं पाह्यजे."

"वाचा म्हटलं," शलोमी म्हणाली, अन् हे मात्र टेम्पोपाशी उभ्या शब्बीरभाईले बी ऐकू आलं. साऱ्याइनं एका आवाजात आमेन म्हटलं. बायका चहा ठेवाले उठल्या, पोरं कडुनिंबावर चढली, पेटीवाल्यानं पेटी बंद केली. अनुग्रह मात्र होता तिथंच उभा होता, दोन्ही हात खिशात, तोंड उघडं. शेवटी शलोमीच त्याच्याजवळ गेली अन् हळूच म्हणाली, बसा आता.