सिग्रिडबाईंचं ओलं फडकं

आमच्या लतिकाची राधिका कॉलेजला गेली, त्या वर्षीची म्हणजे २०२२ ची ही गोष्ट. पटो वा न पटो, शब्द न् शब्द खरी आहे.

मिशिगनमधल्या ट्रॉयला लतिका आणि दिगंबरने जुनं घर घेतलं होतं. शंभर वर्षांपूर्वी तिथे सिग्रिड नावाची नॉर्वेची शिल्पकार राहायची. त्या भागात मोठे पुतळे घडवणारी पहिलीच बाई. पुतळे तिने घडवले, पण खाली नाव नवऱ्याने स्वतःचं कोरलं. शेजारच्या म्हातारीने एवढं सांगितलं. तो नवरा कसा मेला, विचारल्यावर मात्र तिने दार लावून घेतलं...

बेसमेंटमध्ये सिग्रिडचा कामाचा ओटा तसाच होता. त्यावर लतिका मंडळाचा शाडूचा गणपती घडवायची. माती सुकू नये म्हणून रोज ओलं फडकं टाकायची.

एकदा ती फडकं भिजवायला विसरली.

सकाळी पाहते तर... फडकं ओलंचिंब.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मूर्ती पुरी झाली. दिगंबरने खिळा घेतला आणि मूर्तीखालच्या ओल्या मातीच्या पाटावर कोरलं, 'मूर्तिकार दिगंबर'.

"अरे, मूर्ती मी केलीय!"

"मंडळात मीच केली म्हणून सांगितलंय. यंदा कमिटीत घेतायत मला. नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं, यार?"

"मागच्या वर्षीही हेच म्हणालास."

तो हसत वर गेला.

लतिका ओट्यावर हात ठेवून रडली. "सिग्रिडबाई, तुम्ही कसं हो सोसलंत?"

कोपऱ्यात कुणीतरी कापड पिळल्याचा आवाज आला...

नळ बंद होता.

सकाळी पाटावरचं नाव पुसलेलं. जागा अंगठ्याने गुळगुळीत केलेली. ठसा लांब, अरुंद... लतिकाचा नव्हेच.

"तूच पुसलंस!" दिगंबर खवळला. "आणि वर माझ्यासाठी उपास करतेस?"

त्याने नाव पुन्हा कोरायला घेतलं.

लतिका पूजेची फुलं तोडायला अंगणात गेली. परत आली तर घरात चाहूल नाही.

फक्त खालून... टप्... टप्...

दिगंबर ओट्यापाशी उताणा पडला होता. तोंडावर ओलं फडकं. नाकाडोळ्यांवर बोटांनी दाबून नीट बसवलेलं... अर्धवट मूर्तीवर बसवतात तसं.

पाट पुन्हा गुळगुळीत.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत फडकं कोरडं ठणठणीत झालं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

आता पाटावर लतिकाचं नाव असतं. ते कुणी पुसत नाही.

"लते, विकून टाक ते घर," मी एकदा म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "मग फडकं कोण भिजवणार?"

त्यानंतर मी तिच्या घरी पाऊल ठेवलेलं नाही.

दिगंबर ३० ऑगस्ट २०२२ ला गेला. हरतालिकेच्या दिवशी, ऐन सकाळी.