इथला लॅपटॉप, तिथला जिना

लॅपटॉप इथूनच घेऊन जायचा की तिकडे पोचल्यावर घ्यायचा, यावर त्या घरात तीन आठवडे काथ्याकूट चालला होता. दुसऱ्या शहरात राहणारा दादा फोनवरून ठणकावून सांगायचा, "तिकडेच घे. नवं मॉडेल मिळेल, वॉरंटीही तिकडची. इथून ओझं कशाला नेतेस?" बाबांचं मत नेमकं उलटं. "तिकडे घेतलास आणि बिघडला, तर भांडशील कोणाशी? आणि कुठल्या भाषेत?"

चिऊ दोघांचंही ऐकून घ्यायची. छत्तिसावं वर्ष लागलं तरी घरात ती चिऊच होती. इस्पितळात मात्र ती कान तपासणाऱ्या मॅडम होती. फोम लावलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक होत जाणारे आवाज ऐकवायचे. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच सांगायचं. चौदा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. पुरेशा शांततेत बसवलं की माणसाला नसलेलेही आवाज ऐकू येतात. तशी बटणं दाबली गेली की ती कागदावर बारीकशी फुली मारायची आणि पुढे जायची.

आता तिला परदेशातल्या एका कर्णचिकित्सालयात नोकरी मिळाली होती. बाबांनी जाऊ नकोस असं एकदाही म्हटलं नाही. ते निवृत्त ड्राफ्ट्समन, उभा जन्म इमारतींचे आराखडे काढण्यात गेलेला. उजवा कान जवळजवळ बंद, डाव्यात तिनेच बसवलेलं यंत्र. "जा गं," ते म्हणायचे, "मी काय, भांड्याकुंड्यांशी बोलेन. तीही माझ्याइतकीच ऐकतात."

शेवटी बाबांचं पारडं जड झालं, आणि एका दुपारी बापलेक दुकानात गेले.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काचेतून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. दुकानदाराने एक लॅपटॉप उघडून कीबोर्ड दाखवला, कॅमेरा दाखवला आणि म्हणाला, "काका, माइकपण बघून घ्या. बोला काहीतरी."

बाबा खाली वाकले. "एक, दोन, तीन, चार."

दुकानदाराने रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा आवाज आला, एक, दोन, तीन, चार, आणि मग लाकडी पायऱ्या उतरत येणारी पावलं ऐकू आली. घाई नव्हती. खाली पोचल्यावर एक दार उघडलं, मिटलं.

चिऊने जमिनीकडे पाहिलं. फरशी होती.

"वरच्या मजल्यावरचं असेल," दुकानदार म्हणाला, आणि मग त्याने स्वतःच वर पाहिलं. वर नुसता पत्रा होता. "थांबा, दुसरा पीस देतो. एक शिल्लक आहे."

"नको," बाबा म्हणाले. "हाच. जरा पुन्हा लावा ना."

दुकानदाराने पुन्हा लावलं. बाबांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं होतं, हे चिऊच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचा चेहरा उन्हात बसलेल्या माणसासारखा सैल झाला होता.

"किती स्वच्छ ऐकू येतं गं," ते म्हणाले. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

लॅपटॉप घरी आला. कान तपासायचं सॉफ्टवेअर घालण्याआधी खोलीतला मूळचा आवाज मोजावा लागतो, म्हणून तिने तो बंद खोलीत रेकॉर्डिंगला लावला आणि दोघं बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. पंधरा मिनिटांनी तिने ऐकलं. कुठेतरी पाइप तापताना टिकटिकत होता. नळ सुटला आणि सुटताना त्याने लांब शीळ घातली. मग पावलं, बाईमाणसाची, हलकी, टाच आधी टेकणारी. ती तेरा पायऱ्या चढून वर गेली.

त्यांच्या घरात एकही पायरी नव्हती.

चिऊ घाबरली नाही. तिने दोष शोधायला घेतला. माइक बदलला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, वायफाय बंद केलं, लॅपटॉप रजईत गुंडाळून कपाटात ठेवला. शेवटी तो इस्पितळात नेऊन ती त्याच्यासकट साउंडप्रूफ खोलीत बसली. त्या खोलीत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, मनगटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. रेकॉर्डिंगमध्ये तिचा श्वास नव्हता, घड्याळ नव्हतं. खुर्ची सरकवून कोणीतरी बसलं होतं आणि बराच वेळ काहीतरी घासत होतं, बहुधा टेबल पुसत होतं.

लॅपटॉप परत करायचा असं ठरवूनच ती घरी आली. सकाळी पेटीत भरायला गेली, तर लॅपटॉप जागेवर नव्हता. बाबा खिडकीपाशी बसले होते, समोर लॅपटॉप, डोक्यावर हेडफोन. टेबलावर कागद पसरला होता आणि कित्येक वर्षांनी बाहेर काढलेली मोजपट्टी त्यावर होती. ते आराखडा काढत होते.

"हे काय, बाबा?"

"घर," ते म्हणाले. "हा जिना. इथे तो वळतो, कारण सातव्या पायरीला आवाज फिरतो. डावीकडे स्वयंपाकघर, खाली फरशी, त्यामुळे तिथे पावलं कोरडी वाजतात. वर दोन खोल्या. या खोलीत गालिचा असणार, तिथे ती गेली की नाहीशीच होते."

"ती कोण?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी माया होती की तिला पुढचं विचारवेना. "मला वाटतं, तूच," ते म्हणाले. "तिकडची."

तिने समजावून सांगायला तोंड उघडलं. शांततेत माणसाला काय काय ऐकू येतं, हे सांगणं तिचा धंदाच होता. पण ते आवाज तिनेही ऐकले होते. आणि हेडफोनची एकच वाटी बाबांच्या कानावर होती, उजव्या. त्या कानाचा आलेख तिला तोंडपाठ होता. त्या कानाशी ढोल बडवला असता तरी फक्त हादरा जाणवला असता.

"हा परत करू नकोस," बाबा म्हणाले. "तू तिकडे दुसरा घे. दादा म्हणतो तसा. हा मला राहू दे."

म्हणजे दोघांचंही खरं झालं. इथला लॅपटॉप इथे राहिला आणि तिने तिकडे गेल्यावर दुसरा घेतला. त्या कीबोर्डवर दोन अक्षरांची अदलाबदल होती. पहिले कित्येक दिवस स्वतःचं नाव लिहिताना ती चुकत राहिली.

चिकित्सालयाने तिला भाड्याने घेऊन दिलेलं घर तिने नुसतं समोरून काढलेल्या फोटोत पाहिलं होतं. दार उघडून ती आत गेली तेव्हा दुपार होती, आणि ऊन लाकडी जिन्यावर तिरकं पडलं होतं. बॅगा दारातच ठेवून ती पायऱ्या मोजत चढली. सातव्या पायरीला जिना वळला. तेरावी संपली तेव्हा समोर गालिचा घातलेली खोली होती.

ती पायऱ्यांवरच बसली. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते मात्र असं, की दमूनभागून आपण ओळखीच्या ठिकाणी आलोय आणि आता थोडं निजावं. संध्याकाळी हात धुताना नळाने शीळ घातली, तेव्हा ती चक्क हसली.

दिवस त्याच तंद्रीत जाऊ लागले. कामावर ती अनोळखी भाषेत विचारायची, ऐकू आलं का? माणसं बटण दाबायची. घरी आली की चहाचा कप घेऊन जिन्यात बसायची. रविवारी सकाळी बाबांना फोन करायची, तेव्हा त्यांच्याकडे दुपार असायची. एका कानाला फोन आणि दुसऱ्याला हेडफोन लावून ते बसलेले असायचे. आता ते रेकॉर्डसुद्धा करत नसत, नुसतं ऐकत.

"परवा फार दमली होतीस," ते म्हणायचे. "चढता चढता मध्येच बसलीस." किंवा, "मागची खिडकी आपटतेय, लावून घे." खिडकी खरोखरच उघडी असायची.

त्यांचा आवाज सुधारला होता. जेवण वेळेवर होत होतं. दादा म्हणाला, बाबा हल्ली गुणगुणतात. चिऊला वाटायचं, चालतंय ते चालू द्यावं. पण धंद्याची सवय सुटत नाही. एका रविवारी तिने चाचणी घ्यायची ठरवली.

कानाच्या तपासणीत शब्दांची यादी असते. तपासणारा सोपा दोन अक्षरी शब्द म्हणतो, मग थांबतो, आणि ऐकणारा तो उच्चारून दाखवतो. तिने दहा शब्दांची नवी यादी केली, आणि ऐकू येईल ते लिहून ठेवा, एवढंच बाबांना फोनवर सांगितलं. फोन बंद करून वरच्या खोलीत ठेवला, नवा लॅपटॉपही तिथेच. खाली स्वयंपाकघराचं दार लावलं, जिन्याकडे पाठ करून बसली आणि अगदी हलक्या आवाजात वाचलं. चावी. वाळू. खुर्ची. दोरी. माती. प्रत्येक शब्दानंतर सवयीने जरा थांबली. पेला. काठी. पाटी. गादी. दिवा.

मग फोन खाली आणला आणि परत त्याच खुर्चीवर बसून बाबांना लावला.

"लिहून घेतलेत का?"

"घेतले ना." कागदाची सळसळ झाली. त्यांनी दहाही शब्द वाचून दाखवले. क्रमाने. एकही चुकला नव्हता.

तिने यादीतल्या दहाही शब्दांपुढे खुणा केल्या. भीती होती, पण तिच्यात आनंदही होता. चौदा वर्षांत कुणाचा असा निकाल आला नव्हता. "शंभर टक्के, बाबा."

"माझं सोड," बाबा म्हणाले. "तिचेपण लिहिलेत. तिला दहात नऊ."

"कोणाला?"

"तिला गं. तू शब्द म्हणायचीस, थांबायचीस, मग ती म्हणायची. छान म्हणत होती. एकच चुकला. तू 'माती' म्हणालीस, ती 'माझी' म्हणाली. दोनदा म्हणाली."

स्वयंपाकघरात ऊन होतं. पाइप टिकटिकत होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, की ती मीच."

"आधी तसंच वाटायचं. पण तू पोचलीस त्या दिवशी दोघींची पावलं आली. तू वर चढलीस, आणि ती तुझ्यामागून. ती तर आधीपासूनचीच तिथली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? मला तुझाच घोर होता. परक्या मुलखात एकटी पडेल पोर, आजारी पडली तर पाणी कोण देणार. आता रात्री शांत झोप लागते. कोणीतरी आहे सोबतीला."

तिने शब्दांच्या यादीचा कागद पालथा ठेवला.

"चांगली आहे ना गं ती?"

तिने कान दिला. बारीकात बारीक आवाज पकडणारे ते कान. पाइपची टिकटिक सोडली तर घरात काहीही ऐकू येत नव्हतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "चांगली आहे."

"मग बसायला तरी सांग तिला," बाबा म्हणाले. "कधीची तुझ्या पाठीशी उभी आहे."