मन्सूरच्या गच्चीवरचा रिपीटर

दिवा जरा इकडे सरकवा. जनरेटरवाला आता कधीही बटण दाबून वीज बंद करील, आणि ही गोष्ट सांगताना मधेच अंधार झालेला मला आवडत नाही.

सफरचंदं उतरवून झाली होती, अंजिरं वाळून डब्यांत गेली होती. मी बुत्रोसच्या पिकअपमधून मन्सूरच्या घरी निघाले होते. मागे दोरांनी जखडलेला लोखंडी खांब, बॅटऱ्या, सोलरची पाटी, केबलचं भेंडोळं. आणि माझ्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखा सांभाळून धरलेला, फारिसनं मॉन्ट्रियलहून पाठवलेला फिल्टर. फारिस माझा मुलगा. त्याच्यामुळं गावात मला कुणी लबीबा म्हणत नाही, उम्म फारिस, फारिसची आई, असंच म्हणतात. लबीबा म्हणणारा एकच उरला होता, माझा धाकटा भाऊ मन्सूर. तो त्याआधीच्या हिवाळ्यात बर्फात गेला.

वरच्या वाडीत एका म्हाताऱ्याला श्वास लागला होता. तिकडे फोन चालत नाही. एक गुराखी चालत निरोप घेऊन आला. गाडी जाण्यासारखं नव्हतं. मन्सूरनं ऑक्सिजनची नळकांडी पाठीला बांधली, वॉकीटॉकी कमरेला लावला आणि निघाला. लढाईच्या वर्षांत वडिलांनी आम्हा दोघांना रेडिओ शिकवला होता, परवाने दोघांकडेही होते. मी खाली गावात माझ्या औषधाच्या दुकानात रेडिओ लावून बसले. रेडिओला डोंगर ओलांडता येत नाही. मला नुसती खरखर ऐकू आली.

तो सापडला खडकाच्या वळणापाशी, दरीत. बोट वॉकीटॉकीच्या बटणावर तसंच. वाडीचा रस्ता त्या वळणावर उजवीकडे जातो, डावीकडे दरी. लहानपणापासून ज्याच्या पायांना तो रस्ता पाठ, तो माणूस डावीकडे वळला कसा, हे कुणालाच उमगलं नाही.

मला एवढंच उमगलं होतं की तो हाक मारत होता आणि ती कुणी ऐकली नाही. म्हणून ठरवलं, रिपीटर बसवायचा. तोही मन्सूरच्याच घरावर, कारण ते डोंगराच्या धारेवर आहे. गाव आणि वाडीची वाट दोन्ही तिथून दिसतात. रिपीटर म्हणजे उंचावर उभा केलेला दवंडीवाला समजा. एका कानानं बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं पुढं पाठवायचा. पदरचं काही घालायचं नाही.

"आमची वार्दे म्हणते, मेलेल्याच्या घरात बोलणारं यंत्र ठेवू नये," बुत्रोस गाडी चालवत म्हणाला. वार्दे त्याची बायको.

"वार्दे तर मांजर आडवं गेलं तरी पाद्रीबाबांना बोलावते."

"ते खरं. पण पाद्रीबाबा फुकट येतात, उम्म फारिस. तू मला आख्खा खांब वर चढवायला लावणार."

"चढवशील. चाळीस वर्षं गावच्या वायरी ओढतोयस."

"वायरी ओढतो म्हणून काय झालं? वीज कधी आली का त्यांच्यातून?"

हसलो आम्ही. घराचं कुलूप उघडलं तसं हसू थांबलं. थंड शेगडीची राख, ओल, आणि त्याखाली मन्सूरच्या तंबाखूचा वास... अजून तसाच. मी खिडक्या उघडल्या आणि कामाला लागले. रडायला बसले असते तर पहिलं बर्फ पडेपर्यंत रडतच बसले असते.

गच्चीवर खांब उभा केला. द्राक्षाचा मांडव बांधायच्या जुन्या कड्यांना तीन बाजूंनी तारा ताणल्या. टोकाला अँटेना, पांढरी, सरळ, माणसाहून उंच. सांध्यांवर टेप गुंडाळली, वीज पडली तर म्हणून जाड तार जमिनीत गाडली. केबल खिडकीतून आत घेताना बाहेर एक झोळ सोडला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. ऐकायचं आणि बोलायचं काम एकाच अँटेनाचं, मधे फिल्टर नसला तर यंत्र स्वतःच्याच ओरडण्यानं बहिरं होतं. तो फिल्टर मी स्वतः जोडला. मीटरची सुई जिथं हवी तिथं येऊन थांबली.

"झालं?" बुत्रोसनं विचारलं.

"आता बोलून बघू."

ज़ातरचा मसाला लावलेली रोटी आणि कॉफी पोटात गेली तोवर दुपार कलली होती आणि दरीतून धुकं चढायला लागलं होतं. आमच्याकडचं धुकं पायऱ्या चढावं तसं येतं. आधी बागा गेल्या, मग कुंपण, मग अंगणातलं अक्रोडाचं झाड. बुत्रोस वॉकीटॉकी घेऊन चालत वाडीच्या वाटेनं निघाला. खडकाच्या वळणापर्यंत जायचं आणि दर थोड्या अंतरावर बोलायचं, एवढंच काम. मी टेबलाशी बसले. समोर रिपीटर, हातात माझा रेडिओ. रिपीटर कुणाचंही बोलणं पुढं पाठवू लागला की त्याच्यावरचा लाल दिवा लागतो.

दिवा लागला. "उम्म फारिस, ऐकतेस का? बूट ओले झाले माझे."

"घंटेसारखा खणखणीत येतोय तुझा आवाज. चालत राहा."

पुन्हा एकदा बोलला, पुन्हा एकदा. मला उभ्या उभ्या नाचावंसं वाटत होतं. मन्सूरच्या वेळी हे असतं तर, हा विचार मी येऊ दिला नाही.

मग दिवा लागला आणि कुणी बोललं नाही. नुसता वारा. वाऱ्यात धापा टाकल्याचा आवाज.

"बुत्रोस, बटण दाबून धरू नकोस."

दिवा विझला. परत लागला. "मी कुठं दाबलंय?" बुत्रोस म्हणाला. "खिशात होता माझा. ... कुणाचा श्वास होता तो?"

म्हणजे त्यालाही ऐकू आला होता. मी म्हणाले, वाडीतल्या कुणाच्या तरी हातात रेडिओचा संच असेल. वाडीत अजून एकही संच दिलेला नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

दिवा लागला. वारा, आणि त्याच्यामागून, दात वाजत असताना माणूस बोलतो तसा आवाज.

"लबीबा..."

माझ्या हातातून रेडिओ टेबलावर पडला. बाहेर बर्फ नव्हतं, वाराही नव्हता. खिडकीच्या काचेला धुकं नुसतं टेकून उभं होतं.

"लबीबा, कुणी ऐकतंय का..."

मग बुत्रोस, घाईघाईनं, कुजबुजत: "बंद कर. उम्म फारिस, तुला कुमारी मातेची शपथ, बंद कर ते."

बटणापर्यंत माझं बोट गेलंही होतं. पण ते तिथंच अडलं. हाक मारणाऱ्याला उत्तर मिळावं म्हणूनच मी हे सगळं उभं केलं होतं. आधी हाक मारणारा कोण ते बघीन आणि मग ठरवीन, असं कसं चालेल? मी रेडिओ उचलला.

"मन्सूर, ऐकतेय मी. बोल. मी लबीबा."

बराच वेळ वारा. मग तो म्हणाला, "तू सांगितलंस तसाच वळलो मी. डावीकडे. ... इथं रस्ता नाहीये, लबीबा."

"मी? मी काही नाही सांगितलं. मला तुझा आवाजच येत नव्हता!"

"तूच तर बोलत होतीस. सगळा वेळ. ये, ये, अजून थोडं..."

दिवा विझला. त्यानंतर मन्सूर बोलला नाही. मी तीनचार हाका मारल्या. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. गालांवर पाणी होतं ते मी बाहीनं पुसलं, तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. बुत्रोस होता, आणि आता अगदी नेहमीच्या आवाजात बोलत होता.

"बरं, बरं, कळलं. वळतो डावीकडे."

मी काहीच बोलले नव्हते.

"बुत्रोस! थांब! जागचा हलू नकोस!"

"आता काय झालं? आत्ताच म्हणालीस ना, धुक्यात उजवीकडे कडा आहे, डावीकडनं ये..."

"मी नाही म्हणाले! मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उम्म फारिस... तू दोन ठिकाणांहून बोलतेयस. एक म्हणतेय थांब. एक म्हणतेय ये. ... त्यातली तू कुठली?"

माझी नजर दिव्यावर होती. मी बोलले की तो लागत होता, बुत्रोस बोलला की लागत होता. त्या तिसऱ्या बोलण्याला लागत नव्हता. ती जी कुणी होती ती माझ्या यंत्रातून जात नव्हती. मला ती ऐकूही येत नव्हती.

"तुझ्या लग्नात मी पातेल्यावर पडले होते आणि खीर सगळी सांडली होती," मी ओरडले. "ते मला ठाऊक. तिला कसं ठाऊक असेल?"

"तीही तेच म्हणाली," बुत्रोस रडवेला झाला होता. "तुझ्या पाठोपाठ. हसलीसुद्धा, तुझ्यासारखी."

मी जे म्हणीन ते ती म्हणणार होती. बोलण्यात तिच्यावर मात करता येणार नव्हती. मी एक श्वास घेतला आणि शक्य तितकं सावकाश सांगितलं, "बुत्रोस, मी आता रिपीटर बंद करतेय. त्यानंतर माझ्या आवाजात कुणीही बोललं, तरी ती मी नाही. खाली बस. जमिनीला हात टेकून बसून राहा. मी पायांनी चालत येतेय."

आणि मी वायर ओढली. लाल, हिरवे, सगळे दिवे गेले.

मन्सूरची काठी दाराशी होती, ती घेतली आणि धुक्यात शिरले. रस्त्याच्या उजव्या कडेच्या दगडी बांधावर काठी घासत, त्या आवाजाच्या आधारानं चालत राहिले. बांध ओला होता, शेवाळाचा वास येत होता. एकदा वाटलं, बांधाच्या पलीकडून कुणीतरी माझ्याच चालीनं चालतंय. मी थांबले नाही. थांबून ऐकलं असतं तर पुढं पाऊल पडलं नसतं.

वळणापाशी तो दिसला. गुडघे पोटाशी घेऊन, एक हात मातीत रोवून बसलेला. पुढं हातभरावर रस्ता संपला होता. पावसानं डावी कड खचून पार दरीत गेली होती, ओली माती अजून किरकिर घसरत होती.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो किंचाळला नाही. माझ्या तोंडाकडे बघत त्यानं दुसऱ्या हातातला वॉकीटॉकी हळूच वर केला.

रिपीटर बंद होता. माझा रेडिओ घरी टेबलावर होता. माझे ओठ मिटलेले होते. आणि त्या पेटीतून माझा आवाज येत होता, गोड, समजावणीचा, फारिस लहानपणी तापात असताना मी बोलायची तसा.

"अजून थोडं... घाबरू नकोस... मी आहे ना. डावीकडे ये..."

मी त्याच्या हातातून तो घेतला आणि बॅटरी काढून टाकली. मग तो आवाज थांबला. आम्ही एकमेकांचा हात धरून परत आलो, बांधाला खांदा घासत, एक अक्षर न बोलता.

घरी आल्यावर बुत्रोस म्हणाला, "उद्या येऊन सगळं उतरवू."

"उतरवायचं नाही."

"वेड लागलंय का तुला? अगं, ती..."

"ती रिपीटरच्या आधीपासून आहे, बुत्रोस. गेल्या हिवाळ्यात इथं काय होतं? ना खांब, ना यंत्र. मन्सूरनं हाका मारल्या, मला ऐकू आल्या नाहीत, तिला आल्या. आपण हे उतरवलं, तर पुढच्या माणसाला उत्तर द्यायला ती एकटीच उरेल."

त्यानं शेगडीत लाकडं रचली. मग म्हणाला, "वार्देला हे सांगू नकोस," आणि बॅटरीच्या वायरी परत घट्ट करायला बसला.

वाडीत संच वाटले तेव्हा मी स्वतः घरोघर जाऊन एकच नियम सांगितला. रेडिओवर मी कधीच कुणाला वाट दाखवणार नाही. डावीकडे, उजवीकडे, पुढं, मागं, हे शब्द माझ्या आवाजात आले तर संच बंद करा आणि बसून राहा. मी फक्त एवढंच म्हणीन: तिथंच थांबा, आम्ही येतोय. आणि माणसं पाठवीन.

त्या हिवाळ्यात रिपीटरनं काम केलं. एका बाळंतिणीला वेळेवर खाली आणलं, वाट चुकलेल्या दोघा गुराख्यांना शोधलं. प्रत्येक वेळी मी तेच म्हणाले, आणि प्रत्येक वेळी माणसं गेली. मन्सूर पुन्हा बोलला नाही. मी रोज संध्याकाळी त्याला एकदा हाक मारते, उत्तर येत नाही. त्याचं मला बरंच वाटतं.

मागच्या महिन्यात माझा घसा बसला. असा की आठवडाभर शब्द फुटेना. दुकानात गिऱ्हाइकांशीसुद्धा खुणांनी बोलत होते. रेडिओ बुत्रोसकडे दिला होता आणि त्या आठवड्यात कुणाचीच हाक आली नाही, असं तो सांगत होता. आठवड्याच्या शेवटी वाटेवरचं बर्फ वितळलं तशी वाडीतली सलमा औषध न्यायला आली. तिचा नवरा तीन दिवसांपूर्वी वरच्या कुरणात अडकला होता म्हणाली, अजून परतला नाही, पण काळजीचं कारण नाही.

"तुम्ही बोललात ना त्याच्याशी," ती म्हणाली. "मी घरी बसून माझ्या संचावर ऐकत होते. किती धीर दिलात त्याला. नियमाप्रमाणं वाटबीट काही सांगितली नाहीत."

मला आवाज फुटत नव्हता. मी हातानंच विचारलं, काय सांगितलं?

"हेच की," सलमा हसून म्हणाली, "तिथंच थांब, आम्ही येतोय."