चुकून आलेला ग्लास

ग्लास ओठांजवळ नेला आणि स्नेहलचा हात तिथंच थांबला. कोकम सरबताला असा वास नसतो. हा वास तिला लहानपणापासून माहीत होता... वडिलांच्या सदऱ्याचा, उशीचा, ते जाईपर्यंत सगळ्या घराचाच.

नाशिकच्या कंपनीसाठी कास्टिंगचा माल तपासायला ती दर महिन्याला कोल्हापूरला यायची. दुपारचं जेवण स्टेशनजवळच्या याच हॉटेलात, एकटीच उरकायची.

"जोतीरामदादा, हे माझं नाही."

वेटर लगबगीनं आला, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "आयला, रम आली की ताईंकडं! मग सरबत कुणाला दिलं म्हणायचं?"

"मला," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "अन् मी पिलो पण."

तिशीतला तरुण. उन्हानं रापलेला चेहरा, पुढ्यात रिकामा ग्लास.

"अख्खं?" स्नेहलला हसू आलं. "चव कळली नाही?"

"कळली की. पण सांगितलं असतं तर ते आलं असतं..." त्यानं तिच्या हातातल्या ग्लासकडं बघितलं आणि झटकन मान वळवली.

ग्लास त्याचा होता. त्याच्याकडं सरकवला असता तर प्रश्न मिटला असता. पण स्नेहलनं तो जोतीरामच्या हातात दिला. "हे परत न्या. दोन सरबतं आणा." मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "चालेल ना?"

"पावण्यांनी ठरवल्यावर आम्ही कोण बोलणार?"

तो वीरेश. मुरगूडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. धाकटा भाऊ शिवानंद कळंब्याच्या जेलमध्ये होता. दारूच्या नशेत गाडी चालवली, उचगावचा एक दूधवाला चाकाखाली गेला... वीरेश हे सगळं ताटाकडं बघत सांगत होता.

"तवापासनं मी थेंबाला शिवलो न्हाय. पण आज शिवा जाळीपलीकडनं हसला. ते हसणं सोसलं न्हाय बघा."

पुढच्या महिन्यात कंपनीनं दिलेली तारीख स्नेहलनं स्वतःच बदलून घेतली. वीरेश भावाला भेटायला जेलमध्ये येतो, त्या दिवशीचीच.

"योगायोग व्हय?" तिला बघून वीरेशनं विचारलं.

"सरबत प्यायला आले."

"नाशिकला मिळत न्हाय?"

"मिळतं. पण तिथं माझं दुसरं कुणी पीत नाही."

तो मोठ्यानं हसला, आणि हसताना कुणी बघितलं की काय म्हणून लगेच गप्प झाला. त्याची ती सवय तिला मग महिनोन्महिने दिसत राहिली.

एका संध्याकाळी दोघं कळंब्याच्या तळ्यावर बसली होती. वारा सुटला होता. तिच्या उडणाऱ्या ओढणीचं टोक त्याच्या मनगटावर अडकलं. त्यानं ते सोडवलं नाही.

"वीरेश, मला तू—"

"थांब. आधी ऐक." त्याचा आवाज फाटला. "गाडी शिवा चालवत नव्हता. मी चालवत होतो."

पाण्यावर टिटवी ओरडत गेली.

"शिवाच म्हणाला, दादा, आई तुझ्यावाचून जगायची न्हाय, दुकान पण तुझ्यावर हाय... माझ्यामागं कोण हाय? मी नको म्हणायला पायजे होतं. म्हणालो न्हाय."

तिनं विचारलं, "त्या दूधवाल्याच्या घरी कोण कोण आहे?"

"बायको. दोन पोरी."

"कधी गेलास तिथं?"

त्यानं मान हलवली. नाही.

तिनं ओढणी सोडवून घेतली आणि रस्त्याकडं चालू लागली.

नाशिकला गेल्यावर तिनं त्याचे फोन उचलले नाहीत. रात्री उशी भिजायची, सकाळी ती कामाला लागायची. शेवटी एक दिवस तिनंच फोन केला.

"तळ्यावर मी जे म्हणणार होते ते अजून खरं आहे," ती म्हणाली. "पण खोट्यावर मला संसार मांडता येणार नाही. माझ्या आईनं तेच केलं आयुष्यभर. वडील आजारी आहेत, असं सांगायची सगळ्यांना. तू जाऊन खरं सांग... मग मी आहे."

"किती वर्सं जातील सांगता येत न्हाय, स्नेहल."

"ठाऊक आहे."

वीरेश गेला. आधी उचगावला, त्या बाईच्या दारात. तिनं दार लावून घेतलं. मग पोलीस ठाण्यात. खटला नव्यानं उभा राहिला. खोटी कबुली दिल्याचा गुन्हा शिवानंदवरही लागला. तो लगेच सुटला नाहीच. वीरेश आत गेल्यावर स्नेहल मुरगूडच्या घरी गेली तेव्हा त्याची आई शांतादेवी उंबऱ्यातच आडव्या आल्या. "एक पोरगं आत होतं. दुसरं तू घातलंस. पाणी मागू नगंस हितं."

स्नेहल तशीच मागं फिरली.

कळंब्याला पहिल्या भेटीच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. मागं पायांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर शांतादेवी. नजरानजर झाली.

खिडकीतल्या शिपायानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"वीरेश पट्टणशेट्टी."

"नातं काय?"

प्रेमाचं बोलायला त्या दोघांना एक धड संध्याकाळसुद्धा मिळाली नव्हती...

"होणारी बायको," ती म्हणाली.

शिपायानं तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. "व्हय का हो, आज्जी?"

शांतादेवींनी पदरानं तोंड पुसलं.

"सोडा तिला आत," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी जाऊ दे."