चौथं कोणाचं

मी चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासते. काच दिव्यासमोर धरायची, फिरवायची, चरा दिसला की बाजूला टाकायची. माझ्या नजरेतून केसाएवढा चराही सुटत नाही, असं आमचा सुपरवायझर म्हणतो, आणि तो कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यातला नाही. हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाईची नजर अधू होती.

ठकी माझी मुलगी, नुकती तिसरं पुरं केलेली. तिला सांभाळायला मावशी मिळाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नवरा फिरतीवर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि सुपरवायझरने बजावलेलं, आणखी एक खाडा झाला तर परत येऊ नका. तळमजल्यावर मावशींच्या दोन खोल्या होत्या; रात्री त्या कुलूप लावून आपल्या घरी जायच्या. आम्ही तीन घरांनी मिळून त्यांना धरलं होतं. एक मी, एक नर्स आणि एक बस ड्रायव्हर. नर्सचा मुलगा, ड्रायव्हरदादांची मुलगी, आमची ठकी. आमच्या कामाच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे गाठ पडायची ती दारात, चपला घालता घालता.

खोलीत चार पोरं असायची.

चौथं खिडकीखाली बसायचं, भिंतीकडे तोंड करून. बारीक कापलेले केस, करडा स्वेटर. रडणं नाही, मागणं नाही. मला वाटायचं, नर्सचं धाकटं असेल. बाई मोठी हुशार, एकाच्या बोलीवर दोन पोरं सोडून जाते! पण मी कशाला बोलू? उगाच वाईटपणा कोण घेणार?

एका संध्याकाळी आम्ही तिघं एकदमच पोचलो.

“तुमचं धाकटं फार गुणी आहे हो,” नर्स मला म्हणाली. “आवाज म्हणून नाही.”

“माझं? अहो, ते तुमचं ना?”

“मला एकच आहे.”

दोघींनी ड्रायव्हरदादांकडे पाहिलं. ते हसायला लागले आणि मधेच थांबले. “मी तर समजत होतो, ताई, तुमच्यापैकीच कुणाचं तरी असेल.”

मावशी मोरीत पेले विसळत होत्या. मी विचारलं, “मावशी, हे चौथं कोणाचं?”

“मी मोजत नाही बाई. पोरं मोजू नयेत.” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “सकाळी तीन येतात, संध्याकाळी तीन जातात. मला तेवढं पुरे.”

“आणि रात्री हे कुठे असतं?”

“रात्री इथे कुणी नसतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही आपापली पोरं घेऊन हजर. एकमेकांची नजर चुकवत. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी म्हणते, अक्कल असते, खाडा परवडत नाही.

त्यानंतर ठकी गप्प होत गेली. एरवी तिची टकळी झोपेतही चालायची. आता ती घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसे. एकदा मी तिच्या शेजारी टेकले. “तिकडे काय आहे गं?”

“जागा,” ती म्हणाली.

मला फार भीती वाटली. मी बहिणीला फोन केले, शेजारणीची मनधरणी केली, दोन पाळणाघरांच्या पायऱ्या झिजवल्या. जागा नाही, पुढच्या वर्षी बघू. सुपरवायझरकडे रजा मागितली तर तो नुसता दाराकडे बघत राहिला. मी रोज ठकीला मावशींकडे सोडत होते आणि रोज बसमध्ये तोंड दाबून रडत होते. त्याच दिवसांत ते चौथं पोर भिंतीकडून खोलीकडे वळलं होतं. खेळायला लागलं होतं. बोलायलाही.

मग ती संध्याकाळ आली. मी दारात पोचले, पोर धावत येऊन बिलगलं, मी सवयीने कडेवर घेतलं. फ्रॉक ठकीचाच होता.

ठकीच्या डाव्या भुवईत खोक पडल्याची खूण आहे. ही भुवई नितळ होती.

“ठकी कुठे आहे?” मी ओरडलेच.

ड्रायव्हरदादा मुलीला बूट घालत होते. ते हसले. “काखेत कळसा नि गावाला वळसा! कडेवर कोण आहे मग, ताई?”

खिडकीखाली करडा स्वेटर होता. मी कडेवरचं खाली टाकल्यासारखं ठेवलं, धावत जाऊन त्या पोराला आपल्याकडे फिरवलं. भुवईत खूण.

मी तिला उचलायला गेले. तिने किंकाळी फोडली आणि मावशींना घट्ट धरलं.

“सोडा हो तिला,” नर्स म्हणाली. “दुसऱ्याचं लेकरू असं ओढतात का?”

“दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं? सांगा ना, कोणाचं?”

नर्सने ड्रायव्हरदादांकडे पाहिलं. त्यांनी नर्सकडे.

“असेल कुणाचं तरी,” मावशी म्हणाल्या.

ती मावशींना सोडेना; शेवटी मी फ्रॉकातलं पोर घेऊन घरी आले. नवरा फिरतीवरून आला तेव्हा त्याने त्या पोराला हवेत उडवून झेललं. “किती शहाणी झाली गं माझी ठकी!” मी भुवई दाखवली. “कसली खोक?” तो म्हणाला. “कधी पडली होती?”

एकदा मावशी कुलूप लावेपर्यंत मी दारात थांबले. दोन्ही खोल्या आधी डोळ्यांनी पाहून घेतल्या. खिडकीखाली कुणी नव्हतं. सकाळी होतं.

आता मी सगळ्यांच्या आधी जाते. कडेवरचं खाली ठेवते आणि कामाची वेळ होईपर्यंत खिडकीखाली बसते. तिच्या भुवईवरून बोट फिरवते. हळूच म्हणते, ठकी, अगं ठकी. ती वळत नाही. मागून दुसरंच कुणी ‘ओ’ देतं.

काल तिने पहिल्यांदा मान वळवली. माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखीचं हसली.

“काकू,” ती म्हणाली, “तुमची ठकी बोलावतेय.”