गच्चीची फेरतपासणी

फरहीन धावत गच्चीवर पोचली, तेव्हा साहेबांचा उजवा पाय भागूबाईच्या कुरडईत घोट्यापर्यंत रुतला होता.

एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन. साहेब म्हणजे नगरपरिषदेचा नवा अभियंता उझैर. एका हातात बंदुकीसारखं तापमान मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात फाईल... आणि चेहरा असा, की हसावं की माफी मागावी हे त्याचं त्यालाच कळेना.

“हलू नका सायेब,” शेजारची भागूबाई शांतपणे म्हणाली. “चीक वला हाय अजून. पाय उचलाल तर शेजारची बी जाईल.”

फरहीनने ओढणी तोंडाशी धरली, पण हसू काही लपलं नाही. गळ्यात मोजायची टेप, केसांत दोऱ्याचा तुकडा, अशा अवतारात ती त्याच्यासमोर उभी होती. त्याने मान वर केली आणि तोही हसला. झालं... सुरुवात ही अशी झाली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. राहुरीहून फार लांब नाही, एवढं पुरे. उझैर अजून तिथेच नोकरीला आहे आणि गावाला चघळायला विषय लागतोच. तर या गावात यंदा एक योजना आली होती. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना ते थंड राहील, वीज कमी लागेल असं काम केलं, तर पाच वर्षं घरपट्टीत सूट. अर्ज थोडेच आले आणि त्यातला एक फरहीनचा होता.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली होती. तिथे ती आणि सहा बायका शाळेचे गणवेश शिवायच्या. धंदा घरात म्हणून घरपट्टी वाढलेली, आणि उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की बायका दुपारी मशीन सोडून घरी जायच्या. तिचे अब्बू सत्तारभाई वाईट नव्हते, पण हिशेबी होते. खताचा दुकानदार ती खोली गोदामाला मागत होता. अब्बूंनी सरळ सांगितलं होतं, की घरपट्टीत सूट मिळाली तर शिवण चालू ठेव, नाही तर जूनपासून गोदाम. सहा बायकांचं आणि तिचं सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

म्हणून तर तिने गच्चीचा घाट घातला होता. शिर्डीत हॉटेलं सारखी नवी होतात, जुन्या न्हाणीघरांतल्या पांढऱ्या फरशा फुटून ढिगाने पडतात. तिने टेम्पो नेऊन त्या आणल्या. सहादेव गवंड्याने चुना-सिमेंट घातलं आणि बायकांनी रात्रीची भाकरी करावी तशा सहजतेने एकेक तुकडा बसवला. गच्ची दुधासारखी पांढरी झाली. खोली थंड झाली.

चूक एकच झाली. एवढी स्वच्छ पांढरी गच्ची दिसल्यावर आळीतल्या बायकांना राहवतंय थोडंच? तपासणीच्या दिवशीच कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं वाळवण वर आलं. मोजायचं काय, तर मिरच्यांचं तापमान. उझैर पाय धुऊन, पुढच्या शुक्रवारी येतो म्हणून गेला.

शुक्रवारी तो जुम्याची नमाज उरकून आला. जिन्याच्या तोंडाशी त्याने चपला काढल्या, कुणी सांगितलेलं नसताना. फरहीनच्या ते लक्षात राहिलं. उन्हाच्या झगझगाटात यंत्रावरचा आकडा दिसेना, म्हणून तिने छत्री आणली.

“छत्री यंत्रावर धरा... माझ्यावर नको,” तो म्हणाला.

“यंत्र तुमच्याच हातात आहे ना? मग वेगळी कशी धरू?”

एका छत्रीखाली दोघं गच्चीभर फिरली, कोपऱ्यातून कोपऱ्यात. अत्तराचा मंद वास, मानेवरचा घाम, आणि आकडा लिहिताना जरा अडखळणारं पेन. शेजारी भागूबाईची साधी सिमेंटची गच्ची होती, तिच्याशी तुलना केली. फरक चांगला दिसत होता.

हे कुणाच्या डोक्यातून आलं, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. तिला वाटलं, आता हा ‘वा, बाई असून’ वगैरे म्हणणार. तो म्हणाला, “चार वर्षं मी हेच शिकलो. पण टेम्पो घेऊन फुटक्या फरशा आणायला जावं, हे मला सुचलं नसतं. तुम्हाला सुचलं.”

आजवर कुणी तिच्या कामाचं श्रेय असं थेट तिला दिलं नव्हतं. तिचा ऊर त्या एका वाक्याने भरून आला.

त्यानंतर उझैरचे कागद राहायला लागले. आज घराच्या उताऱ्याची प्रत राहिली, परवा वीजबिल राहिलं, एकदा तर फरहीननेच दिलेला कागद तो तिला परत दाखवायला आला. मशीनवरच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. भागूबाई म्हणाली, “ह्या सायबाचे कागद लई राहत्यात बया.” फरहीन मान खाली घालून काजं करत राहायची आणि संध्याकाळी मोजायची, तर दोन काजं चुकलेली असायची.

आणि मग एक दिवस नगरपरिषदेचं पत्र आलं. पहिली तपासणी रद्द. फेरतपासणी होणार, दुसरे अधिकारी येणार.

“मोजलेलं परत कशाला मोजायचं?” अब्बू म्हणाले. “साहेबाला काहीतरी खटकलंय. मी दुकानदाराला शब्द देऊन टाकतो.”

तिने कसाबसा आठवडा मागून घेतला. खोलीचं दुःख होतंच, पण आत आणखी एक सल होता आणि तो जास्त टोचत होता. विश्वास नव्हता तर तोंडावर म्हणायचं... हसून, पाणी पिऊन, कागद मागून मग पाठीमागे असं?

मंगळवारी फेरतपासणीला अंबिका मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा नाकावर, आणि कडक म्हणून तालुक्यात नावाजलेल्या. चहा नाकारला. गच्चीवर बारा ठिकाणी मोजलं, भागूबाईच्या गच्चीवर बारा ठिकाणी. खोलीत तासभर बसल्या. आकडे दोनदा ताडून पाहिले.

“सोळा अंशांचा फरक,” त्या म्हणाल्या. “दहा असता तरी चाललं असतं. सूट मंजूर.”

अब्बूंनी मोबाईल काढला आणि तिथेच उभं राहून दुकानदाराला गोदाम दुसरीकडे बघायला सांगितलं. बायकांनी मशीनं थांबवली. एकीने डोळे पुसले. फरहीनने डोक्यावरच्या स्लॅबकडे पाहून मनातल्या मनात अल्लाचा शुक्र अदा केला. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मग मॅडम, पहिल्या तपासणीत काय वाईट होतं?”

“काही नाही.” मॅडमनी फाईलमधून एक कागद काढला. “तपासणी का बदलली, ते अर्जदाराने वाचून सही करायची असते. वाचा.”

अक्षर उझैरचं होतं. ‘माझी नोंद ग्राह्य धरू नये. गच्ची थंड आहे, याबद्दल शंका नाही. परंतु अर्जदार फरहीन यांच्याबद्दल माझ्या मनात ओढ निर्माण झाली असून, त्यांची ना नसल्यास रीतसर मागणी घालण्याची इच्छा आहे. त्यांना सूट ओळखीने मिळाली, असे उद्या कोणी म्हणू नये. ती त्यांच्या कामाने मिळावी.’

तिने ते दोनदा वाचलं. कान गरम झाले, अक्षरं पाण्यात बुडाली. आठवडाभर ज्याला मनात बोल लावले, तो आठवडाभर तिचं नाव जपत होता.

“खाली ‘अर्जदाराचे म्हणणे’ आहे,” मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “कोरं सोडता येत नाही. आणि तो खाली स्कूटरपाशी उभा आहे. माझा गुडघा दुखतो म्हणून मला सोडायला आलाय... वर यायला मीच बंदी केली.”

फरहीनने पेन घेतलं. मग सावकाश लिहिलं आणि कागद घेऊन स्वतःच जिना उतरली.

तो कडुनिंबाखाली उभा होता, घामाघूम. काही बोलायला गेला... तिने कागद पुढे केला. त्याने वाचलं, ‘फेरतपासणीबद्दल आभारी आहे. मागणीला माझी ना नाही. अब्बू रविवारी दिवसभर घरी असतात.’

“मला वाटलं, तुम्ही रागावला असाल,” तो हळूच म्हणाला.

“रागावले होते. खूप.” तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. “माझं काम तुम्ही माझंच राहू दिलंत. त्याची फेड मला जन्मात करता यायची नाही, उझैर.”

साहेब न म्हणता नाव घेतलं, हे दोघांनाही एकदमच कळलं. त्याने कागदाची नीट घडी घातली, फाईलमध्ये ठेवायची सोडून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि म्हणाला, “रविवारी अम्मीला घेऊन येतो.”