डाव्या सीटचा पट्टा

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. मित्राच्या मित्राचं नाही, गावाकडच्या कुणाचं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

आणि एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही. नाशिकमध्ये, इंदिरानगरात, दसऱ्याच्या भर दुपारी हे सुरू झालं. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता.

माझं नाव विश्वेश. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. चेपलेला पत्रा बघून गाडी कुठून, कशी ठोकली ते मी सांगू शकतो. गाडीतल्या आवाजाला घाबरणारा माणूस मी नव्हतो.

माझे शामसुंदरकाका गेले आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली.

लाल रंगाची, दोनच सीटांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. काकांनी तरुणपणी देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतलेली. "अख्ख्या नाशकात अशी दुसरी नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला इतकं पाठ होतं, की ते तोंड उघडायच्या आत आम्हीच म्हणून मोकळे व्हायचो.

पण ती रस्त्यावर धावताना मला आठवत नाही. मी शाळेत जायला लागायच्या आधीच ती, आम्ही सगळे एकत्र राहायचो त्या बंगल्याशेजारच्या शेडमध्ये गेली होती.

कारण साधना.

काका-काकूंची एकुलती एक मुलगी. तिसरीत होती. काका तिला घेऊन दिंडोरी रोडला चक्कर मारायला निघाले होते. द्राक्षांचे दिवस. वारा लागावा म्हणून ती डाव्या सीटवर उभी राहिली. वळणावर क्रेट भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. काकांनी करकचून ब्रेक दाबला.

गाडीला साधा ओरखडाही आला नाही.

पण साधना गाडीत नव्हती.

त्या गाडीला पट्टेच नव्हते. लतिकाकाकू त्यावर एकच वाक्य बोलायची. "बांधून ठेवायला हवी होती रे पोरीला." भाजी निवडताना, चहा गाळताना, कुणी काही विचारलेलं नसताना. आम्ही सगळे ऐकायचो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

काकांनी गाडी विकली नाही. दर रविवारी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करायचे, थोडा वेळ आत बसायचे, बंद करून बाहेर यायचे. काकू शेडकडे फिरकत नसे.

काका गेल्यावर मी अंबडच्या महेश मिस्तरीला बोलावलं. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून बघितलं.

"सर, दोनच रस्ते हायेत. एक तर जशी होती तशीच करू. जुनं इंजिन, जुने मीटर, जुनंच चामडं. लोक फोटो काढतील. नायतर आतून समदी नवी करू. इंजिन, डिस्क ब्रेक, पट्टे. बाहेरून म्हातारी, आतून तरणी."

मला जशीच्या तशी हवी होती. माझी बायको मृण्मयी मात्र अडून बसली. "पट्टा नसलेल्या गाडीत मी बसणार नाही. रोज काय बघून घरी येतोस ते विसरलास का?"

आमचं आठवडाभर हेच चाललं होतं. शेवटी विषय काकूपुढे गेला.

काकू पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "पट्टे लागणार असतील तर ठेव. नाहीतर भंगारात घाल."

मग काय, ठरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. दसऱ्याला काकू इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेडपाशी आली. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली.

"येतेस का एक चक्कर?" मी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

मी एकटाच निघालो. चाकाखाली लिंबं चिरडली. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि...

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला होता. डाव्या सीटवर माणूस आहे, पट्टा लावलेला नाही.

मी डावीकडे बघितलं. सीटवर काहीच नव्हतं. पूजेचा नारळसुद्धा नाही.

महेशला फोन लावला. "नवीन सीट हाय सर, सेन्सर दबला असंल. रिकामाच पट्टा अडकवा, गप होईल."

अडकवला. आवाज थांबला. मी हसलो आणि गावभर फिरून आलो.

दुसऱ्या दिवशी महेशने सेन्सर बदलला. वाळूची पिशवी ठेवून दाखवली, उचलून दाखवली. "वजन असल्याबिगर वाजतच नाय ओ हे." पिशवी खाली ठेवून त्याने चावी फिरवली...

टिंग. टिंग. टिंग.

महेश सीटकडे बघत राहिला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "वायरिंगमध्ये काय नाय सर." त्यानंतर तो आमच्याकडे चहालाही थांबला नाही.

मी सवयच लावून घेतली. बसलं की आधी डावा पट्टा अडकवायचा, मग आपला.

पुढच्या एका रविवारी गंगापूर रोडला जाऊन परत आलो. शेडमध्ये गाडी बंद केली, डावा पट्टा काढायला हात नेला...

पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

रिकाम्या सीटवरचा पट्टा पाठीला चपटा चिकटून बसतो. मी असे शेकडो बघितलेत. हा पुढे आला होता. मधे हवा होती. लहान मुलाच्या पोटाएवढी.

मी बटण दाबलं. एरवी पट्टा सटकन मागे जातो.

हा सावकाश गेला... कुणाच्या तरी खांद्यावरून काढावा तसा.

मृण्मयीला सांगितलं. ती म्हणाली, "काकूला कळता कामा नये." आमचं दोघांचं तेवढ्या एका गोष्टीवर लगेच एकमत झालं. काकू पंच्याहत्तरीला आलेली, काकांच्या मागे कशीबशी सावरलेली. तिला जपायचं, बाकी गाडीचं काही का होईना.

आणि मीच घोळ घातला.

दिवाळीनंतरची गोष्ट. बॅटरी उतरू नये म्हणून मी शेडमध्ये इंजिन चालू केलं. पट्टा अडकवायचा विसरलो. टिंग टिंग सुरू झालं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.

"काय वाजतंय रे ते?"

मला मेल्याला माहिती द्यायची हौस. "अगं, कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की वाजतं ते."

"कुणी बसलंय?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. "कुणी नाही गं. बिघडलंय."

काकू चप्पल न घालताच आली. शेडमध्ये शिरली. वाकून डावा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला.

तिने पट्ट्यावर हात ठेवला. हळूहळू तो हात वर सरकला, आणि हवेत एका जागी थांबला. केस सारखे करावेत तशी बोटं हलली.

"विशू," ती म्हणाली, "तू जा आता."

त्या दिवसापासून काकू घरात राहिलीच नाही म्हणा ना. सकाळी आंघोळ झाली की शेडमध्ये. ड्रायव्हरच्या सीटवर बसायची. डावा पट्टा लावलेला. दोन ताटल्या न्यायची, एक रिकामी आणायची, दुसरी तशीच. मी दाराआड उभा राहून ऐकलंय. ती काहीतरी विचारायची, आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प बसायची. मग हसायची.

मी जन्मात काकूला असं हसताना बघितलं नव्हतं. तिला आनंद झाला होता हो. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

गोळ्या बंद. जेवण चिमणीएवढं. नाशिकची थंडी पडली तरी बाई शालीत गुंडाळून तिथेच. मृण्मयीने समजावलं, मी रागावलो, नंतर हात जोडले. "ती एकटी कशी राहील?" एवढंच म्हणायची. शेवटी छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, घरी नेल्यावर थंडीत बसली तर वाचणार नाही.

त्याच दुपारी मी महेशला सांगितलं, "सगळं काढ. पट्टे, सेन्सर, दिवा, सगळं. होती तशी कर गाडी."

"काढतो सर. आधीच सांगाया पायजे हुतं तुमी," तो म्हणाला.

काकू घरी आली की गाडीत वाजायला काही नको, अडकवायला काही नको. मग सुटेल नाद. असं मला वाटलं.

संध्याकाळी काकूजवळ बसलो होतो. डोळे मिटलेले होते तिचे. मी तिला एका शब्दाने काही बोललेलो नव्हतो. मृण्मयीलाही अजून सांगायचं होतं. आणि काकू म्हणाली...

"पट्टा काढू नकोस रे विशू. पडेल ती."

मी तिची चादर सारखी केली. तोपर्यंत पट्टे निघाले होते.

घरी आणलं त्या दिवशी ती शेडच्या दारात उभी राहिली. सीटकडे बघितलं. रडली नाही, मला बोलली नाही. वळून घरात आली, टेबलाशी बसून वरणभात जेवली. मृण्मयीने माझा हात दाबला. सुटलो, असं वाटलं आम्हाला.

दुपारी मृण्मयी ऑफिसला गेली. मला सातपूरला एक गाडी बघायची होती. काकू झोपली होती. लगेच येतो म्हणून गेलो.

आलो तर दार उघडं. पलंग रिकामा.

शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता...

काकू गाडीत होती. ड्रायव्हरच्या सीटवर, पण पूर्ण डावीकडे वळलेली. दोन्ही हात पुढे करून तिने मिठी घातली होती. बोटं बोटांत घट्ट अडकवलेली. मान त्या हातांवर टेकलेली.

हातांच्या मधे काही नव्हतं.

काकू गेली होती. गेलेल्या माणसाचे हात सैल पडतात. तिचे पडले नव्हते. मधे जेवढी जागा होती, तेवढी जागा मी आधी एकदा बघितली होती, पट्ट्याच्या आत.

डॉक्टरांना ती बोटं सोडवायला फार वेळ लागला. मी बाहेर जाऊन भिंतीशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

गाडी अजून शेडमध्येच आहे. घ्यायला लोक येतात. जुनी ठेवा म्हणणारे येतात, नवी करा म्हणणारे येतात. मी शेड उघडतच नाही.

पुढचं वर्षभर शांत गेलं. मी मनाची समजूत घातली होती. काकूला तिची पोर मिळाली. दोघी जिथे असतील तिथे एकत्र असतील. मृण्मयीही तेच म्हणायची. त्या एका विचारावर आमचे दिवस चालले होते.

मग या फेब्रुवारीत आम्ही दोघं आमच्या रोजच्या गाडीतून वणीला निघालो. सकाळची वेळ. दिंडोरी रोड. बाजूला द्राक्षांचे क्रेट भरायचं काम चाललं होतं. दोघांनीही पट्टे लावलेले. एक वळण आलं आणि...

टिंग. टिंग. टिंग.

या गाडीत समोर मीटरजवळ मागच्या सीटांचीही चित्रं दिसतात. मागची डावी सीट लाल झाली होती.

मागे कुणी नव्हतं. पिशवीसुद्धा डिकीत होती.

मी गाडी कडेला घेतली. मृण्मयी मागे वळली नाही. समोरच्या चित्राकडे बघत राहिली. मग त्यावर बोट ठेवून म्हणाली,

"एकच आहे."

दोन दिवे लागले असते ना, तर मी तिथेच रस्त्यावर हात जोडले असते. पण दिवा एकच होता. म्हणजे साधना आणि काकूंपैकी एकच मागे आहे, दुसरी तिच्याजवळ नाही. दुसरी कुठेतरी एकटी आहे. काकूने जीव दिला, आणि तरीही त्यांची भेट झालेली नाही.

मी उतरलो, मागचं दार उघडलं, पट्टा ओढून अडकवला. आवाज थांबला.

आता रोज तसंच करतो. भाजी आणायला जायचं असलं तरी आधी मागचा पट्टा. आम्ही त्यावर बोलत नाही.

मागे बसतंय ते कोण, साधना की काकू, मला माहीत नाही. पट्टा लावल्यावर मधे केवढी जागा राहते ते बघितलं, तर लगेच कळेल.

मी बघत नाही.